आमची वाटचाल: पेटी, पत्रा आणि न खुलणारा स्क्रू

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती ग्रिल आणि शेडच्या कामांनी. मग इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या आल्या. २०१९ मध्ये शेतकऱ्यांना सौरपंपांसाठी अनुदान देणारी केंद्राची पीएम-कुसुम योजना सुरू झाली आणि पुढे सौरपंपांच्या कंट्रोलरची स्टँड, झाकणं करून देण्याचं काम वाढलं. पेटी थेट शेतात, राखणीला कोणी नाही. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, ‘गंजेल का?’ आता आधी विचारतं, ‘चोर खोलेल का?’

काम साधंच. १.६ मिमी पत्रा, मागे ६ मिमी जाडीचा अँगल. जोडायचा कशाने, इथे खरी गोम. षटकोनी डोक्याचा सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत शिरणारा) स्क्रू कुठल्याही पान्याने निघतो. ॲल्युमिनियमचा पॉप रिव्हेट ड्रिलपुढे टिकत नाही. मधे पिन असलेला स्टार स्क्रू बरा, पण त्याचा बिट, म्हणजे तो फिरवायचं टोक, ऑनलाइन कोणालाही मिळतो. भुरट्याचा हात अडतो, तयारीने आलेल्याचा नाही. वन-वे स्क्रू आवळता येतो, सोडवता येत नाही. मग दुरुस्तीला आपलाच माणूस ग्राइंडर घेऊन उभा!

म्हणून आम्ही आधी विचारतो, हे झाकण पुन्हा कोण उघडणार? कोणीच नाही, तर शिअर नट. ठरावीक ताण आला की त्याचा षटकोनी भाग तुटून पडतो, मागे गोल शंकू उरतो, त्यावर पाना बसत नाही. देखभालीचं झाकण असेल तर एम६ (६ मिमी व्यासाचा) पिनवाला स्टार, अँगलला ५ मिमी भोक पाडून आटे. स्क्रू स्टेनलेसचा हवा असेल तरी हीच पद्धत, कारण नुसत्या ३०४ स्टेनलेसचं टोक स्वतः भोक पाडत अँगलमध्ये शिरतच नाही. कार्बन स्टीलचं टोक जोडलेले बायमेटल स्क्रू मिळतात, पण महाग.

एवढं करूनही पेट्या फुटल्याच. नीट पाहिलं तर स्क्रू जागच्या जागी, आणि दोन स्क्रूंच्या मधे पहार घालून पत्रा उचकटलेला. तेव्हापासून पत्र्याची कड दुमडून अँगलच्या आत घेतो आणि स्क्रू जवळजवळ मारतो. बेंडिंगचा खर्च वाढतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. माझ्या मते भारी स्क्रूवर पैसा घालण्याआधी तो या कडेवर घालावा.

बिट कोणाच्या ताब्यात राहणार, हे आता कोटेशनमध्येच लिहून घेतो. तरी काही जण तो हरवू नये म्हणून सुतळीने पेटीच्याच हँडलला बांधून ठेवतात. त्याला आम्ही तरी काय करणार!