नाशिकचे बिनविरोध खासदार

यशवंतराव चव्हाण कऱ्हाडचे आणि साताऱ्याचे, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण लोकसभेत त्यांना पहिल्यांदा पाठवले ते नाशिकने, हे आमच्या शहरातल्या तरुणांना सांगितले की ते चकित होतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी आक्रमणाच्या धक्क्यानंतर कृष्ण मेनन यांना जावे लागले, नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीला बोलावले आणि १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा अभिमानाने म्हटले जाई.

त्यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळातच, १९६४ मध्ये, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. त्याचे सगळे श्रेय नाशिककर यशवंतरावांना देतात. मिगसंबंधीचा सोव्हिएत संघाशी झालेला करार त्यांच्या आधीचा असला, तरी ओझर आणि परिसरातल्या कित्येक घरांची चूल ज्या कारखान्यावर पेटली, त्याच्याशी आपल्या खासदाराचे नाव जोडले जाणे स्वाभाविकच आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मू-काश्मीरमधील छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी फार वेळ न दवडता दिली. काठाकाठाने चालणारा नेता अशी त्यांच्यावर नेहमी टीका होते; ती करणाऱ्यांनी ही संध्याकाळ अवश्य आठवावी.

पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली; मतदारसंघ मात्र १९६७ पासून साताराच राहिला. टीकेला खरा आधार मिळतो तो १९७९ मध्ये. मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला आणि नंतर ते चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच कोसळले. इतक्या मुरलेल्या संसदपटूने त्या मंत्रिमंडळात जायलाच नको होते, असे माझे मत आहे.

१९८० मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत यशवंतरावांच्या, इंदिराजींपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेस गटाची वाताहत झाली, तरी सातारकरांनी त्यांना निवडून दिले. यथावकाश ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, पण मंत्रिपद मिळाले नाही. मिळाले ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद. अनेकांना ती अवहेलना वाटली. मला तसे वाटत नाही, कारण केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसुलाची वाटणी ठरवायला, मुख्यमंत्रिपद आणि अर्थखाते या दोन्ही बाजू पाहिलेला माणूसच योग्य होता.