पुन्हा अंगठाच

निरक्षर माणसाला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवणाऱ्या आपल्या समाजात ज्या बायका साक्षरता वर्गात जाऊन मोठ्या जिद्दीने सही करायला शिकल्या, त्यांच्याकडे आज रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र पुन्हा अंगठाच मागते.

गेल्या महिन्यात रांगेत माझ्यापुढे सत्तरीच्या एक आजी होत्या. “आजी, हात पदराला पुसा आणि दाबून धरा,” असे दुकानदाराने चार वेळा सांगूनही ठसा आधारच्या नोंदीशी जुळला नाही, कारण जन्मभर राखेने भांडी घासलेल्या बोटांवर रेषा फारशा उरलेल्याच नव्हत्या. ओटीपीचा पर्याय निघाला, पण तो नंबर मुलाचा आणि मुलगा कामावर!

देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, तेव्हा गरिबाला ओळख मिळेल असे सांगितले होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने अनुदानांसाठी आधारची सक्ती वैध ठरवली, न्या. चंद्रचूड यांचे मत या सक्तीच्या विरोधात होते आणि मला तेच पटते. ठसा न जुळणे म्हणजे माणूस खोटा असणे नव्हे, एवढा साधा भेद यंत्राला कळत नाही. शिवाय बनावट कार्डांना यामुळे आळा बसेलही, पण मापात मारलेले धान्य अंगठ्याला कसे सापडणार? पाच किलोंची पावती निघते, पिशवीत मात्र साडेचारच पडतात.

आजी त्या दिवशी रिकाम्या पिशवीनेच परतल्या.