८९० किलोहर्ट्झवरचे दुकान

शिकागोच्या नैर्ऋत्येकडील ज्या उपनगरात आम्ही गेली अकरा वर्षे राहतो, तेथून टिन्ली पार्क फार लांब नाही. त्या बाजूला गेल्यावर दिसणारा एक उंच मनोरा मी बरीच वर्षे मोबाइल कंपनीचा समजत होते. तो डब्ल्यूएलएस या मीडियम वेव्ह केंद्राचा प्रक्षेपण मनोरा आहे, हे मला कळले ते त्याच्या जवळून जाताना नव्हे, तर त्याच्यापासून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. नेब्रास्काहून रात्री परतताना आयोवा राज्यात डे मॉइनच्या आसपास फोनचे नेटवर्क गेले, गाणी थांबली आणि झोप येऊ नये म्हणून मी गाडीतल्या रेडिओचे एएमचे, म्हणजे मीडियम वेव्हचे बटण, बहुधा आयुष्यात प्रथमच, दाबले. खरखर, कुठल्यातरी प्रवचनाचा तुकडा, पुन्हा खरखर आणि मग एकदम स्वच्छ आवाजात शिकागोच्या उद्याच्या हवामानाचा अंदाज. आमच्या घरावर उद्या पाऊस पडणार आहे, हे मला आयोवातल्या मक्याच्या शेतांमधून जाताना कळत होते. एका पुलाखालून गाडी गेली तेव्हा आवाज क्षणभर बुडाला आणि पलीकडे पुन्हा वर आला.

यात चमत्कार काही नाही. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक विद्युतभारित थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आदळून शेकडो मैल दूर जमिनीवर उतरतात. डब्ल्यूएलएसची शक्ती ५०,००० वॅट आहे, म्हणजे अमेरिकेत एएम केंद्राला कायद्याने मिळू शकणारी कमाल, आणि ८९० किलोहर्ट्झ या त्याच्या जागेवर रात्री इतरांनी त्याला अडथळा करायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे नावाला शिकागोचे असलेले हे केंद्र रात्री अर्ध्या अमेरिकेचे स्थानिक केंद्र होत असे. त्याचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला एक छंद लागला. एखादे केंद्र कोणासाठी चालते हे त्यावरच्या कार्यक्रमांपेक्षा मधल्या जाहिरातींवरून अधिक खरे कळते, आणि या केंद्राच्या बाबतीत तर जाहिरात नावातच आहे. डब्ल्यूएलएस म्हणजे ‘वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर’, जगातले सर्वांत मोठे दुकान.

ते दुकान सिअर्स रोबक कंपनीचे. शेतकऱ्याच्या घरी टपालाने जाडजूड सूचिपत्र पाठवायचे आणि त्यातून नांगरापासून शिलाई यंत्रापर्यंत सारे विकायचे, हा सिअर्सचा धंदा. १९२४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने शेतकऱ्यांसाठी स्वतःचे रेडिओ केंद्र काढले. चाचणीचे पहिले काही दिवस त्याचे नाव डब्ल्यूईएस, म्हणजे ‘जगातले काटकसरीचे दुकान’ अशा अर्थाचे होते. १२ एप्रिलला रीतसर सुरुवात झाली तेव्हा काटकसर जाऊन थोरवी आली. सुरुवातीचा स्टुडिओ सिअर्सच्या शिकागोतल्या पश्चिमेकडच्या मुख्यालयातच होता. त्या वसाहतीचा चौदा मजली विटांचा मनोरा अजून उभा आहे. मी तो मुद्दाम जाऊन पाहिला, तेव्हा आजूबाजूचे गोदाम-कारखाने मात्र बहुतेक नाहीसे झालेले होते. आकाशवाणी ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला ही कल्पनाच प्रथम पचली नाही. आपल्याकडे रेडिओ म्हणजे सरकार; शेतीचा कार्यक्रम लागला तरी त्यात कोणी काही विकत नसे. येथे शेतीचा सल्ला आणि दुकानाची पाटी जन्मापासून एकत्र होती, आणि त्याचे कोणाला वावडेही नव्हते.

केंद्र सुरू झाल्यावर आठवड्याभरात, १९ एप्रिलच्या शनिवारी रात्री, खेड्यातल्या कोठारात होणाऱ्या नाचगाण्यांच्या धर्तीवर एक कार्यक्रम झाला. तोच पुढे ‘नॅशनल बार्न डान्स’ म्हणून गाजला. फिडल, बँजो, डोंगराळ मुलुखातली जुनी गाणी आणि मधूनमधून गावरान विनोद, असा तो थाट होता. कंपनीतल्या शहरी साहेबांना हा बाज फारसा रुचला नाही असे सांगतात, पण श्रोत्यांच्या पत्रांनी तो प्रश्न निकालात काढला. पहिल्या काळात त्याचे निवेदन करणारा जॉर्ज हे १९२५ मध्ये नॅशव्हिलला गेला आणि तेथे त्याने याच धर्तीचा कार्यक्रम उभा केला, जो ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून आजही चालू आहे. कंट्री संगीताची राजधानी म्हणून नॅशव्हिलचे नाव होण्यामागे शिकागोचा असा हात आहे, हे येथे राहणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते. १९३२ पासून बार्न डान्स शिकागोच्या एट्थ स्ट्रीट थिएटरात तिकीट लावून होऊ लागला. १९३३ मध्ये तो एनबीसी या प्रसारण कंपनीच्या केंद्रांच्या जाळ्यावरून देशभर गेला, तेव्हा त्याचा प्रायोजक होता अल्का-सेल्ट्झर, म्हणजे पाण्यात फसफसणारी पोटाची गोळी.

दरम्यान १९२८ मध्ये सिअर्सने केंद्र ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकी नियतकालिकाला विकले. मालक बदलला, अक्षरे तीच राहिली आणि गिऱ्हाईकही तेच राहिले. आमच्या शेजारी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचे बालपण इलिनॉयमधल्या शेतावर गेले. हिवाळ्यात मी त्यांच्या दारापुढचा बर्फ काढायला आमच्या मुलाला पाठवते आणि त्याबदल्यात आम्हा दोघांनाही गोष्टी मिळतात. त्यांच्या घरी दुपारचे जेवण रेडिओवरच्या बाजारभावाशी बांधलेले होते. शिकागोच्या जनावरांच्या बाजारातले डुकरांचे आणि गुरांचे भाव सुरू झाले की त्यांचे वडील काटा खाली ठेवून पेन्सिल हातात घेत आणि आकडे भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहीत. तेवढा वेळ टेबलावर कोणी बोलायचे नाही, अगदी मीठसुद्धा खुणेने मागायचे. “त्या माणसाच्या आवाजावर आमचे बूट घ्यायचे की नाही ते ठरत असे,” असे ते म्हणाले.

अशा या गुराढोरांच्या केंद्राने जगाला ऐकवलेली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र शेतीची नव्हती. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे जर्मन वायुजहाज उतरत असताना डब्ल्यूएलएसचा निवेदक हर्बर्ट मॉरिसन आणि त्याचा तंत्रज्ञ चार्ल्स नेहल्सन तेथे ध्वनिमुद्रण करत होते. वायुजहाजाने पेट घेतला, मॉरिसनचा आवाज फुटला, तो रडू लागला, आणि नेहल्सनने मुद्रण थांबू दिले नाही. त्या दुर्घटनेत ३६ माणसे गेली. हे सारे थेट प्रक्षेपित झाले असे बहुतेकांना वाटते, पण ते खरे नाही. तबकड्या शिकागोला आणून दुसऱ्या दिवशी वाजवण्यात आल्या. त्या काळी राष्ट्रीय जाळी मुद्रित ध्वनी लावणे कमीपणाचे मानत, तरी एनबीसीने त्यातला भाग लावला. आज आपण ऐकतो ती प्रत किंचित जलद चाललेली आहे, त्यामुळे मॉरिसनचा आवाज त्याच्या मूळ आवाजापेक्षा चिरका वाटतो. कितीतरी वर्षे मला तो कोणी पोरगेला वार्ताहर असावा असे वाटत आले होते, ते त्यामुळेच.

युद्धानंतर दूरचित्रवाणी आली आणि संध्याकाळची बैठक रेडिओपुढून उठून तिच्यापुढे गेली. केंद्रात एबीसी या प्रसारण कंपनीचा वाटा आधीच शिरलेला होता. १९६० मध्ये तिने सगळी मालकी घेतली, आणि २ मे १९६० रोजी शेतकऱ्यांच्या केंद्राचे पोरांचे केंद्र झाले. टॉप फॉर्टी, म्हणजे त्या आठवड्यातली खपाची चाळीस गाणी पुन्हा पुन्हा, मधे वाऱ्याच्या वेगाने बोलणारे डिस्क जॉकी. शेजारच्या आजोबांना तो बदल आठवतो. वडिलांनी बाजारभावांसाठी रेडिओ लावला, आतून कोणीतरी ओरडत होते. त्यांनी बटण डावी-उजवीकडे फिरवून पाहिले, काटा बरोबर ८९० वर होता, मग त्यांनी संच मागून उघडला. “त्यांना आतली नळी बिघडली असे वाटले. मला मात्र रेडिओ पहिल्यांदाच नीट चालतोय असे वाटले.” बार्न डान्स शिकागोच्याच डब्ल्यूजीएन या केंद्राकडे गेला आणि १९६८ पर्यंत कसाबसा टिकला.

हा बदल घडवला तो गाण्यांनी जितका, तितकाच ट्रान्झिस्टरने. १९५४ मध्ये पहिला खिशात मावणारा संच शेजारच्या इंडियाना राज्यातून बाजारात आला तेव्हा तो जवळजवळ ५० डॉलरचा होता. पुढे जपानी संच आले आणि तो मुलांच्या उशीखाली पोहोचला. बैठकीतल्या रेडिओचे बटण वडिलांच्या हाती असे, उशीखालच्याचे कोणाच्याच नाही. रात्री त्या उशांना ऐकवणारा आवाज होता डिक बियाँडीचा, आणि तो अनेक राज्यांत पोहोचत असे, कारण मनोरा तोच होता. जाहिरातींत आता खुराक आणि नांगर जाऊन थंड पेये आणि मुरुमांवरची मलमे आली.

१९६३ च्या फेब्रुवारीत बियाँडीने बीटल्सची एक तबकडी लावली. ती अमेरिकेत काढली होती शिकागोच्याच व्ही-जे कंपनीने. बीटल्स अमेरिकेत प्रत्यक्ष अवतरायला आणखी एक वर्ष होते. हे केंद्र दर आठवड्याला ‘सिल्व्हर डॉलर सर्व्हे’ नावाचे गाण्यांच्या क्रमवारीचे छापील पत्रक काढी, ते तबकड्यांच्या दुकानांत फुकट मिळे. मार्चच्या पत्रकांत ते गाणे ३५ व्या क्रमांकापर्यंत चढले आणि गळून पडले, आणि गटाचे नाव त्यात एक ‘टी’ जास्त घालून छापले गेले, कारण तबकडीवरच ते तसे होते. आजोबांजवळ त्या काळातली काही पत्रके चपलांच्या खोक्यात आहेत. पिवळी पडली आहेत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खुणा आहेत. वडिलांची सवय, नुसते आकडे वेगळे, असे मी म्हटले तर ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग खोके बंद केले.

शहरात एक प्रतिस्पर्धीही होता, आणि तो कामगार संघटनांचा. शिकागोच्या कामगार महासंघाच्या डब्ल्यूसीएफएल या केंद्राने साठच्या दशकाच्या मध्यावर तोच टॉप फॉर्टीचा ढंग उचलला, आणि दहा वर्षे शिकागोची पोरे या दोहोंमध्ये काटा फिरवत राहिली. १९७६ च्या मार्चमध्ये डब्ल्यूसीएफएलने माघार घेतली. रॉक बंद करून संथ वाद्यसंगीत सुरू करण्याआधी काही काळ त्यांनी नुसता समुद्राच्या लाटांचा आवाज लावला होता. दोन्हीकडे काम केलेला डिस्क जॉकी लॅरी लुजॅक त्याच वर्षी डब्ल्यूएलएसवर परतला. त्याचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे प्राण्यांच्या विचित्र बातम्या आणि त्यावरचे कोरडे शेरे. मला आवडते ते त्याचे मूळ: केंद्राला शेतीविषयक मजकूर पुरता सोडता आला नव्हता, तो वाचण्याचे काम सकाळी याच्याकडे आले, आणि त्याने त्याची थट्टा करता करता त्यातून हा भाग उभा राहिला. बार्न डान्सला जाऊन दहा वर्षे उलटली तरी गोठ्याचा वास अजून स्टुडिओत होता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एफएमने एएमला श्रोत्यांच्या संख्येत मागे टाकले. स्टिरिओ ऐकलेल्या कानांना खरखर सोसवेना, आणि संगीत ऐकवण्यात एएमला अर्थ उरला नाही; उरले ते बोलणे, कारण माणसाचा आवाज खरखरीतूनही समजतो. २३ ऑगस्ट १९८९ रोजी डब्ल्यूएलएसने गाणी पूर्ण बंद केली. त्याच्या दोन वर्षे आधी, वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे प्रसारकांवरचे बंधन सरकारी आयोगाने काढून टाकले होते, आणि १९८८ पासून रश लिम्बॉ हा उजव्या विचारांचा राजकीय निवेदक रेडिओवरून देशभर बोलू लागला होता. या केंद्रावरही तो पुढे कैक वर्षे बोलला. तेव्हापासून तेथे राजकारण आहे, फोन करणारे आहेत आणि बराच संताप आहे. मला ते ऐकवत नाही, हे कबूल करते. आजोबांनीही तेव्हाच ऐकणे सोडले, फक्त २००७ च्या मे महिन्यात मेमोरियल डेच्या सुट्टीला केंद्राने जुन्या डिस्क जॉकींना एका दिवसासाठी परत बोलावले, तेव्हा त्यांनी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून दिवसभर ऐकले.

माझ्या छंदाप्रमाणे मी जाहिराती मात्र ऐकते. परवा तासाभरात सोन्यात गुंतवणूक, गळके तळघर, गुडघेदुखी आणि पचनाच्या गोळ्या आल्या. १९३३ मध्ये ज्या पोटापासून कमाई सुरू झाली होती, त्याच्याचकडे केंद्र परत आले आहे, फक्त आता मधे फिडल नाही.

सिअर्सने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या जवळच्या मॉलमधले त्यांचे दुकान बंद होताना शेवटच्या दिवसांत लोक कपडे टांगायचे दांडेसुद्धा विकत नेत होते. मीही एक आरसा आणला, तो अजून दारामागे आहे. पण अमेरिकेत प्रत्येक केंद्राला दर तासाच्या आरंभी आपली अक्षरे आणि शहराचे नाव उच्चारावेच लागते, तसा कायदा आहे, आणि त्यामुळे जे दुकान आता जवळजवळ राहिले नाही त्याची पाटी दिवसातून चोवीस वेळा वाचली जाते. आमची नवी गाडी विजेवर चालणारी आहे. मोटारीच्या विजेचा एएमला त्रास होतो म्हणून काही उत्पादकांनी तो पट्टाच काढून टाकला आहे, तसा आमच्याही गाडीत तो नाही. तेव्हा ऐकायचे असेल तर मी शेजारी जाते. आजोबा घड्याळ बघून, निवेदकाच्या क्षणभर आधी, स्वतःच म्हणतात, “डब्ल्यूएलएस, शिकागो,” आणि पहिली जाहिरात सुरू व्हायच्या आत संच बंद करतात.