तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतून कसलं जंगल?

"जंगलच बघायचं तर चाला की. डबे कसले शोधता? आणि गाडीतून कसलं आलंय जंगल!" न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या आमच्या मराठी गोतावळ्यात प्रत्येक सहलीआधी कोणीतरी हे म्हणतंच. पुण्याहून आलेले पाहुणेही म्हणतात.

माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे, हे तुम्ही जाणता. तरी "चाला" म्हणता, त्याचा मला राग येतो.

हे डबे म्हणजे माझा जिओकॅशिंगचा छंद. त्यात कोणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. प्रत्येक डब्याला १ ते ५ असे दोन आकडे दिलेले असतात. एक शोधण्याच्या अवघडपणाचा, दुसरा तिथवर पोचण्याच्या. पोचण्याचा १ म्हणजे व्हीलचेअर जाईल, ५ म्हणजे दोर किंवा होडी लागेल. जंगलातल्या पाट्यांवर "एक तास" लिहिलेलं असतं, तो धडधाकट माणसाचा तास. हा दुसरा आकडा मात्र माझ्याशी बोलतो. कोणीतरी आधी जाऊन वाटेचा विचार केलेला असतो.

म्हणून पुरिओराचं जंगल. दोनेक तास गाडी चालवली की हमरस्ता सोडून खडीचा रस्ता लागतो, फोनची रेंज जाते आणि दोन्ही बाजूंना रिमू, माटाई, टोटारा ही इथली झाडं. १९७८ साली लाकूडतोड थांबवायला लोक इथल्या झाडांवर चढून बसले होते. तोड थांबली म्हणून ही झाडं आज आहेत. काच खाली करून गाडी अगदी हळू न्यायची, मध्येच इंजिन बंद करायचं. काका जातीच्या पोपटांचा कलकलाट गाडीतही ऐकू येतो.

तिथल्या एका डब्याबद्दल सांगते. पोचण्याचा आकडा २, रस्त्यापासून थोडक्यात. बरोबर माझी जुनी मैत्रीण होती. पाऊस भुरभुरत होता. वाटेवर एक खोड आडवं पडलेलं, गुडघाभर उंच, शेवाळाने भरलेलं. त्यावर बसायचं, कॅलिपरचा पाय हाताने उचलून पलीकडे टाकायचा, मग दुसरा. मला जमतं, वेळ लागतो. मी बसले. दाट झाडीखाली जीपीएसचा बाण भरकटत होता, म्हणजे पलीकडेही शोधावं लागणार, याचा मला आनंदच होता. तेवढ्यात ती खोडावरून उडी मारून गेली, वृक्षनेच्याच्या, म्हणजे झाडाएवढ्या फर्नच्या, बुंध्याशी डबा तिला सापडला आणि तो घेऊन ती माझ्यापाशी आली. "अगं, भिजशील. इथेच सही कर."

मी पेन घेतलं नाही. "ठेवून ये," म्हटलं. तिने आधी स्वतःची सही केली, मग डबा ठेवून आली. मी मात्र खोड ओलांडलं नाही. जागा कळली होती, आता शोधायचं काय? परतीच्या वाटेवर तेकुइती गाव येईपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही. ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. तिने प्रेमानेच केलं, हे मला त्या खोडावर बसल्या बसल्याही कळत होतं. तरी सही करवेना.

विशीतली मी तुमच्याच बाजूने बोलले असते. सिंहगडावर मला जीपने नेलं होतं, बाकीचे पायी चढून आले. त्या दिवशी मी कोणालाच "गड पाहिला" म्हटलं नाही. आज त्या विशीतल्या मुलीला सांगावंसं वाटतं, पाहिलास, वारा तुलाही लागला. पण मग डबाही पाहिलाच की मी, हातात दिला होता. इथे ती मुलगी मला गप्प करते.

मैत्रीण अजूनही माझ्याबरोबर येते. अॅपवर "सापडला" अशी नोंद कर, असं तिचं म्हणणं आहे, डबा दोघींचा होता म्हणे. मी नोंद केलेली नाही. करावी की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.