खाजगी काम

नाव, वय, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार इथपर्यंत लॉजच्या रजिस्टरात माझं पेन झरझर चाललं. 'येण्याचे कारण' या रकान्यापाशी अडलं. काउंटरवरचा मुलगा आधारकार्डाची झेरॉक्स काढून परत आला तरी मी तशीच उभी. "ताई, खाजगी काम लिहा ना," तो म्हणाला. "सगळे तेच लिहितात." वरच्या ओळी पाहिल्या तर खरंच. खाजगी काम, खाजगी काम, कोर्ट, दवाखाना, खाजगी काम.

मला तर तेही नव्हतं. शिरपूरचं लग्न आटोपून परत निघाले होते, धुळं आलं आणि उतरले. दुपारची वेळ, ऊन असं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा बसखाली. रिक्षावाल्याला आग्रा रोड म्हटलं, आणि जुन्या बाजारातल्या पहिल्याच लॉजचा जिना चढले. देवपुरात चुलतजाऊ राहते. तिला अजून कळलेलं नाही आणि हे वाचून कळणार असेल तर कळो.

कारण आमच्याकडे, गावात माणसं असताना लॉजवर उतरणं म्हणजे उघड उघड भांडण. पुढच्या लग्नाची पत्रिका येते की नाही, इथपर्यंत जातं ते.

माझी फुई, म्हणजे आत्या, इथेच पाचव्या गल्लीत राहायची. खाली दोन खोल्या, वर धाबं. मे महिन्यात उन्हं कलली की धाब्यावर बादल्या ओतायच्या, जमिनीची वाफ जाऊ द्यायची आणि मग गाद्या टाकायच्या. एकदा फुवांचे कुणी लांबचे सोयरे कोर्टाच्या तारखेला आले आणि स्टँडजवळ लॉजवर उतरले. फुईला ही बातमी भाजीबाजारात लागली. हातातली मेथीची जुडी तिथेच टाकून ती घरी आली आणि फुवांना पिटाळलं. फुवा तसे कमी बोलणारे. ते त्या खोलीत गेले, कॉटखालची पिशवी उचलली आणि चालू लागले. त्यांच्यामागे सोयरे आले ते अर्धी दाढी केलेले, उरलेल्या गालावर साबण. दारात फुई उभीच. "आमी मरी गयात का?" एवढं एकच वाक्य. त्यानंतर कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेल, आणि "अजून अर्धी घ्याच."

त्या रात्री धाब्यावरची माझी कडेची, वाऱ्याची जागा सोयऱ्यांना मिळाली आणि मला दोन घोरणाऱ्या चुलत्यांच्या मधे कोंबलं. मी त्या माणसाला आजतागायत माफ केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात पुढची तारीख पडली, म्हणजे पुन्हा तेच.

फुई गेली, घर विकलं, आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला त्या बाजूने गेले. या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि जुना भाग असूनही त्या अगदी सरळ. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं आणि पुढच्याच वर्षी नव्या पेठेचे सरळ रस्ते आखायला घेतले. येऊन घर बांधेल त्याला जागा फुकट. आमच्या फुईच्या स्वभावाला सरकारी आधार होता, हे मला फार उशिरा कळलं.

परत येऊन पलंगावर आडवी झाले तरी तो रकाना डोक्यातून जाईना. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात आले तेव्हा त्यांनी काय लिहिलं असतं? 'जुने कागद'. दुसरं काय लिहिणार? गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडणारा, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारा माणूस. त्यांना "अजून अर्धी घ्या" म्हणण्याची फुईची सुद्धा छाती झाली नसती. 31 डिसेंबर 1926 ला ते इथेच गेले, आणि वर्षाच्या आत त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. कागद इथेच राहिले. आणि विनोबा? 1932 मध्ये त्यांचा धुळ्यात चांगला लांबलेला मुक्काम झाला, पण तुरुंगात. येण्याचं कारण सरकारनेच भरलेलं. त्यांनी तिथे रविवारी एकेक करत गीतेचे अठराही अध्याय सांगितले आणि समोर बसून साने गुरुजींनी ते उतरून घेतले. फेब्रुवारी ते जून. धुळ्याचा जून, त्यात तुरुंगाची भिंत. मी इथे पंख्याखाली कुरकुरतेय.

लॉजवर मला आवडतं ते हे, की इथे कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही. आवडतं म्हणते खरी. रात्री खाली जाऊन एकटीने शेवभाजी खाल्ली, तर्री कपाळात गेली, आणि वेटर पाण्याचा जग आदळून निघून गेला. तेव्हा जरा वाटलंच.

वर आले तर शेजारच्या खोलीबाहेर एक म्हातारेबाबा थर्मास धूत होते. साक्रीकडचे. बायको दवाखान्यात, सून तिच्याजवळ, आणि दवाखान्यात रात्री एकालाच थांबू देतात म्हणून हे इथे. कधीपासून ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या दाराला दोरी बांधून धोतर वाळत घातलेलं होतं आणि खिडकीत तुळशीचं रोप होतं, डालड्याच्या डब्यात.

"तुमचं कोण शे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "बरं शे मग. त्या खोलीतला पंखा रातले बंद पडस. बटन दोनदा दाबजा. नाहीच चालना तर मले हाक मारजा, मी जागाच ऱ्हास."