एचओएची नोटीस आणि उत्तरेकडची भिंत

आमच्या एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) पत्रासोबत दर वेळी पुराव्यादाखल एक फोटो असतो. या वेळी मान मिळाला घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला. फोटो स्पष्ट होता हे मान्यच करायला हवं. पांढऱ्या साइडिंगवर, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या आवरणावर, खालून वर चढत गेलेला हिरवा थर, बागेच्या नळाभोवती जरा जास्तच गडद. खाली मजकूर एवढाच: साइडिंग आणि छतावरचे डाग ३० दिवसांत स्वच्छ करा. कसे, ते लिहिलेलं नव्हतं. ते कधीच लिहीत नाहीत, आणि माझं खरं भांडण तिथेच आहे.

नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. हवा दमट, उत्तरेच्या भिंतीला ऊन नाही, शेवाळ धरणारच. त्यात पत्र आलं मार्चअखेरीस, म्हणजे पाइनचे पराग उडायच्या ऐन मोसमात. तेव्हा इथे गाड्या, पोर्च, कुत्र्याची पाठ, सगळं पिवळं होतं. आज भिंत धुवा, परवा पुन्हा पिवळी. म्हणून मी एचओएचं काम पाहणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीला ईमेल करून हेच कारण सांगितलं आणि मेपर्यंत मुदत मागितली. मिळाली.

नोटीस आली की काही जण घाबरतात, काही जण चिडून पत्र ड्रॉवरमध्ये टाकतात. इथल्या प्लॅन्ड कम्युनिटी ॲक्टप्रमाणे, म्हणजे अशा वसाहतींसाठीच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे, दंड लावण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण सुनावणीत निर्णय विरुद्ध गेला आणि भिंत तरीही हिरवीच राहिली, तर पाच दिवसांनंतर रोजचे १०० डॉलरपर्यंत लागू शकतात. थकवले तर घरावर बोजा चढू शकतो. त्यापेक्षा चार ओळींची ईमेल परवडते.

आता मुख्य प्रश्न, धुवायचं कसं. नवऱ्याला प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्र, भाड्याने आणायचा होता. (त्या बंदुकीचं पुरुषांना एवढं आकर्षण का असतं, कोण जाणे.) सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? ब्रश दे, मी सकाळी घासून काढते." दोघांत सासूबाई बरोबर होत्या.

आमचं साइडिंग विनाइलचं, म्हणजे प्लास्टिकचं. त्याच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक येतात. वरून आलेलं पाणी निमूट ओघळून जातं, खालून जोरात मारलेलं थेट आत शिरतं. शिवाय उन्हात प्लास्टिक पसरतं म्हणून या पट्ट्या खिळ्यांवर मुद्दाम सैल टांगलेल्या असतात, म्हणजे फटी असणारच. आत गेलेलं पाणी लाकडाशी पोचलं की पुढचं पत्र एचओएचं नव्हे, सुताराच्या बिलाचं.

आम्ही तीन भाग पांढरं व्हिनेगर आणि सात भाग पाणी घेतलं, लांब दांड्याचा मऊ ब्रश घेतला. खालून वर घासत जायचं, नाहीतर घाण पाणी कोरड्या भागावर ओघळून पट्टे उठतात. आणि वाळायच्या आत साध्या होजने धुऊन टाकायचं. हिरवं निघालं. नळाजवळचं दुसऱ्या हाताला निघालं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

छताची गोष्ट वेगळी. शिंगलवरचे, म्हणजे छतावर बसवलेल्या डांबरी पट्ट्यांवरचे, काळे ओघळ ही काजळी नव्हे, तो ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखा वाढणारा जिवाणू). उन्हापासून बचावासाठी तो स्वतःभोवती गडद आवरण बनवतो, तोच तो काळा रंग. शिंगलमधल्या चुनखडीच्या भुकटीवर त्याचं छान चालतं. आमच्या छतावर पाइपभोवतीच्या जस्ती पत्र्याच्या बरोबर खाली एक स्वच्छ पट्टा उतरलेला दिसतो. पावसाबरोबर जस्ताचा अंश वाहत येतो आणि तो या जिवाला मानवत नाही. म्हणूनच काही जण आढ्याजवळ जस्ताची किंवा तांब्याची पट्टी बसवून घेतात.

छतावर मात्र आम्ही चढलो नाही, माणूस बोलावला. पहिल्याने फोनवरच सांगितलं, "प्रेशरने तासाभरात लख्ख करून देतो." त्याला नको म्हटलं, कारण प्रेशरने शिंगलवरचे दाणे उडतात आणि छताचं आयुष्य तिथेच घटतं. दुसऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ब्लीच आणि पाणी निम्मं निम्मं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग हलक्या धारेने धुवायचं. शिंगल बनवणाऱ्यांची संघटनाही हेच सांगते. त्याने आधी भिंतीलगतची अझेलियाची झुडपं पाण्याने चिंब केली, काम झाल्यावर पुन्हा केली. तुम्ही कोणाला बोलावणार असाल तर भाव विचारण्याआधी झाडांचं काय करणार ते विचारा. ज्याच्याकडे उत्तर तयार असेल, त्याला काम द्या.