रक्त थांबलं, पण बाँडचं काय?

हिरडीलगतची पोकळी भरताना रक्त आलं की हात ज्या सिरिंजकडे जातो तिच्यात बहुधा 25 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड असतं, नाहीतर 15.5 किंवा 20 टक्के फेरिक सल्फेट. पहिलं म्हणजे न्हाव्याच्या तुरटीचं भावंडच. प्रथिनं साखळवून बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं बुजवायची, एवढंच दोघांचं काम. पण औषध हिरडीवर थांबत नाही, ओघळून डेन्टिनवरही (दाताच्या आतल्या थरावर) येतं, आणि भरण दाताला चिकटवणारा द्रव, म्हणजे बाँड, तिथेच लावायचा असतो.

तिथे काय होतं? द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं, ते कॅल्शियम ओढून घेतं. ॲल्युमिनियम पृष्ठभागात अडकून बसतं आणि तो थर बाँडसाठी पृष्ठभाग खरखरीत करणाऱ्या पुढच्या आम्लाला दाद देत नाही. फेरिक सल्फेट साखळलेल्या प्रथिनांचा चिकट गाळ मागे सोडतं. सगळ्यात जास्त फटका सेल्फ-एच बाँडला (ज्याच्यातच आम्ल मिसळलेलं असतं), कारण त्याचं आम्ल सौम्य असतं आणि ते धुतलं जात नाही. खाली जे राहिलं ते तसंच गाडलं जातं. अशा बऱ्याच बाँडांतल्या एमडीपी या चिकटवणाऱ्या रेणूला धरायला कॅल्शियम लागतं, तेच इथे कमी पडतं. लाल रंग दिसेनासा झाला म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ, ही समजूत इथेच महागात पडते.

म्हणून क्रम असा. कॉर्ड (हिरडी बाजूला सारायला तिच्या फटीत बसवायचा दोरा) आणि औषध आधी, बाँडची बाटली नंतर. औषध थेट पोकळीत न सोडता कॉर्डला किंवा ब्रशच्या टोकाला लावून हिरडीवरच घासायचं, दोनेक मिनिटं थांबायचं, मग हवा-पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने 20-30 सेकंद धुवायचं. धुतल्यावर पुन्हा रक्त आलं तर पहिल्यापासून. कॉर्ड जागेवरच राहू द्यायची. ती ओढली की रक्त परत येतं. मग युनिव्हर्सल बाँड (वेगळं आम्ल लावून किंवा न लावता चालणारा) असेल तर 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल, डेन्टिनवर 15 सेकंद, त्याहून जास्त नाही. ते धुवून डेन्टिन ओलसर ठेवायचं आणि बाँड चोळून लावायचा. दोन बाटल्यांचा सौम्य सेल्फ-एच वापरत असाल तर डेन्टिनवर फॉस्फोरिक नको; बारीक बरने (ड्रिलच्या टोकाने) वरचा पातळ थर खरवडून नवा पृष्ठभाग काढलेला बरा.

हायड्रोजन पेरॉक्साइडने रक्त पुसायची सवय मात्र सोडा. मागे राहिलेला ऑक्सिजन बाँडमधल्या रेझिनला घट्ट होऊ देत नाही. समोरच्या दातांत फेरिक सल्फेटही नको, कडेला तपकिरी रेघ उमटते.

पुण्याच्या आसपासच्या गावांतून मिश्री लावणारे रुग्ण येतात. त्यांच्या दातांच्या मानेशी झीज आणि वर सुजलेली हिरडी, असं दुहेरी प्रकरण असतं. तिथे औषधाशी झटापट करण्यापेक्षा स्केलिंग करून (दातांवरचं किटण काढून) तात्पुरतं सिमेंट भरावं आणि हिरडी निवली की एक-दोन आठवड्यांनी कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) करावं. रुग्णाला दुसरी खेप पडते, तो कुरकुरतोही, पण हिरडी तेव्हा कोरडी मिळते.